ऐदी कोणाला म्हणावे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अलीकडे मथळ्यांत, अग्रलेखांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांच्या बातम्यांत ‘ऐदी’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. भरती निघत नाही म्हणून पारावर बसलेली पोरं ऐदी, कागद दाबून ठेवणारं कार्यालय ऐदी, काम मागूनही काम न मिळालेला मजूर ऐदी. आपल्या अंकातही हा शब्द असाच सैल हाताने पडलेला दिसतो, म्हणून हे पत्र. काम न करणाऱ्या माणसासाठी मराठीत पंधरा-वीस शब्द सहज निघतील. त्यातला प्रत्येक शब्द काम का होत नाही याचं वेगळं कारण सांगतो. ते कारण न पाहता हाताला लागेल तो शब्द लावला, तर ज्याचा दोष नाही त्याच्या माथी दोष बसतो. ‘ऐदी’च्या बाबतीत तर हे फारच खटकतं, कारण या शब्दाच्या जन्माची गोष्ट नेमकी उलटी आहे.

मूळ शब्द ‘अहदी’. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. अकबराच्या लष्करात मनसबदार असत आणि त्यांच्या हाताखाली त्यांचे त्यांचे स्वार असत. पण काही निवडक, लढवय्या आणि लायक माणसांना बादशहा कोणाच्याच हाताखाली देत नसे. ती एकेकटी, थेट बादशहाच्या चाकरीत. म्हणून ती अहदी, म्हणजे ‘एकांडी’. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत अहदींवर वेगळं प्रकरण आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवाण आणि स्वतंत्र बक्षी (पगार-हजेरी पाहणारा अधिकारी) नेमलेला असे आणि वर एखादा मोठा उमराव प्रमुख म्हणून. उमेदवाराला बादशहापुढे उभं करीत, त्याची पारख होई, त्याचं वर्णन कागदावर उतरवून घेत, जामीन घेत आणि मगच त्याला पगार बांधून मिळे. सुरुवातीला काही अहदी आठ-आठ घोडे बाळगत, पुढे ही मर्यादा पाचवर आणली. दर चार महिन्यांनी त्यांची हजेरी घेतली जाई आणि त्या हजेरीच्या दाखल्यावर पगार निघे. कित्येकांचा महिन्याचा पगार पाचशे रुपयांच्या वर होता. त्या काळी साध्या स्वाराच्या स्वप्नातही न येणारी ही रक्कम.

म्हणजे अहदी हा मानाचा माणूस. मग तो आळशी कसा ठरला? या लोकांना नेहमीचं पहाऱ्याचं किंवा छावणीचं काम नसे. अडीअडचणीला, महत्त्वाच्या कामगिरीवर त्यांना काढायचं आणि बाकीचे दिवस त्यांनी घोड्यांसह तयार राहायचं, अशी योजना होती. बाकीच्यांच्या नजरेला दिसे ते एवढंच, की हा बसून खातो. हिंदी कोशांत आणखी एक आठवण नोंदलेली आहे. सारा द्यायला टाळाटाळ करणाऱ्या जमीनदाराकडे अहदी पाठवीत. तो दारात ठाण मांडून बसे आणि वसुली घेतल्याशिवाय उठत नसे. दोन्ही गोष्टींत चित्र बसलेल्या माणसाचंच. मानाचं पद विस्मरणात गेलं, बसणं तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. शब्दांच्या नशिबी हे येतंच. ‘मवाली’ हा शब्द अरबीतल्या ‘मौला’चं अनेकवचन, म्हणजे आश्रित, पाठीराखे. आज त्याचा अर्थ काय झाला आहे ते सांगायला नको.

खानदेशाला हा सगळा कारभार परका नव्हता. जानेवारी १६०१मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचं राज्य संपून खानदेश मोगलांचा सुभा झाला. शहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ हे नावही दिलं होतं. बुऱ्हाणपूर हे सुभ्याचं ठाणं आणि दख्खनेतल्या मोहिमांचा तळ. दिवाण, बक्षी, मनसबदार, हजेरी, सनद या शब्दांची ये-जा तापीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. आपल्या कागदोपत्रीच्या मराठीत फारसी-अरबी शब्द किती खोल गेले आहेत, हे सातबारा आणि फेरफार हातात धरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

अहदीचा ऐदी झाला तो जिभेच्या सवयीने. मराठी बोलण्यात दोन स्वरांमधला ‘ह’ बऱ्याचदा टिकत नाही. पहिलवानाचा पैलवान होतो, पहिला म्हणताना पैला होतो, महिन्याचा मैना होतो. त्याच वाटेने अहदीतला ‘ह’ गळाला आणि मागे ‘ऐ’ राहिला. म्हणून ‘ऐदी’ लिहिताना ‘ऐ’ हवा आणि ‘दी’ दीर्घ हवी. ‘एदी’ किंवा ‘ऐदि’ ही रूपं चूक. विशेषण म्हणून वापरताना लिंग-वचनाप्रमाणे शब्द बदलत नाही: ऐदी मुलगा, ऐदी मुलगी, ऐदी पोरं. भाववाचक नाम ‘ऐदीपणा’.

व्युत्पत्ती सांगताना तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिली चूक म्हणजे ऐदी हा ऐषआरामातल्या ‘ऐष’शी जोडणं. ऐष (किंवा ऐश) हा अरबी शब्द वेगळा, त्याचा मूळ अर्थ जगणं. दुसरी, ‘ऐतखाऊ’शी गल्लत. ऐतखाऊ हा आयता-ऐता या शब्दावरून आला. आयतं म्हणजे तयार, दुसऱ्याने केलेलं. अर्थ जवळ आहेत, पण दोन शब्दांचा काही संबंध नाही. तिसरी चूक जाणकारांकडूनही होते. ‘अहदनामा’ म्हणजे करारपत्र, त्यातला ‘अहद’ म्हणजे वचन, आणि म्हणून अहदी म्हणजे वचनाने बांधलेला, असं सांगितलं जातं. देवनागरीत दोन्ही शब्द सारखे दिसतात, त्यामुळे हे पटतंही. अरबीत मात्र दोन्हींची अक्षरं वेगळी. ‘एक’ या अर्थाचा ‘अहद’ अलिफ या अक्षराने सुरू होतो, कराराचा ‘अहद’ ऐन या अक्षराने. दोन्हींतला ‘ह’सुद्धा वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात.

आता वापराकडे येऊ. आळशी आणि ऐदी हे एकमेकांच्या जागी चालतात असं समजलं जातं. चालत नाहीत. क्रियापदं लावून पाहा. आळस येतो, आळस भरतो, आळस झटकता येतो, आणि ‘आळस देणं’ म्हणजे तर हात-पाय ताणून अंग मोकळं करणं. ऐदीपणा कोणाला ‘येत’ नाही आणि तो झटकताही येत नाही. दुपारी जेवून उठलेला, दिवसभर राबणारा माणूसही ‘आज आळस आला’ असं स्वतःबद्दल सरळ म्हणतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. ऐदी हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दलच निघतो. आळस ही घटकाभराची अवस्था असू शकते, ऐदीपणा हे अंगात मुरलेलं राहणं आहे. आणि ऐदी म्हणायला आणखी एक अट लागते, ती सोडून चालणार नाही: त्याचं बसून भागलं पाहिजे. कोणीतरी त्याला पोसत असलं पाहिजे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण ऐद्याची. खाटलं हा आपल्याकडचा रोजचा शब्द, म्हणून ती म्हण खानदेशात विशेष चपखल बसते. ‘खायला काळ नि भुईला भार’ हीसुद्धा त्याचीच. ‘आळशाला गंगा दूर’ ही मात्र आळशाची, कारण त्यात निदान जायचं मनात आहे, पाय उचलत नाहीत.

आळस शब्दाची नाळ संस्कृतातल्या अलस-आलस्य या शब्दांशी. फलचा फळ, कमलचा कमळ होतो तसा इथेही ‘ल’चा ‘ळ’ झाला. जुन्या शास्त्रकारांनी या एका गोष्टीकडे किती बारकाईने पाहिलं, ते थक्क करणारं आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३०) चित्ताच्या मार्गातले नऊ अडथळे सांगितले आहेत, त्यात स्त्यान आणि आलस्य हे वेगवेगळे मोजले आहेत. व्यासभाष्य सांगतं की स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, आणि आलस्य म्हणजे शरीर व चित्त जड झाल्यामुळे कामाकडे प्रवृत्तीच न होणं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आलस्याची व्याख्या करताना ‘शक्तस्य’ हा शब्द घातला आहे: अंगात ताकद असूनही कामात उत्साह नसणं, ते आलस्य. तिथेच क्लम, तंद्रा, ग्लानी, गौरव (अंग जड होणं) यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. श्रम न करताच थकवा येतो तो क्लम, आणि तो आळस नव्हे.

‘शक्तस्य’ या एका शब्दावर आमचा फार जोर आहे. घरातली सून, शाळेतली मुलगी, आश्रमशाळेतला मुलगा ‘आळशी’ आहे असं म्हणताना अंगात ताकद आहे का, हे कोणी आधी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचं ११च्या (मधल्या तिमाहीत १०.५च्या) खाली गेलं की तो रक्तक्षय. अशा बाईला दोन हंडे पाणी आणताना धाप लागते, दुपारी उठवत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार आहे. या आजाराच्या मुलाला लवकर दम लागतो, सांधे दुखतात, थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर दुखणं उसळतं. खेळाच्या तासाला तो बाजूला बसला, तर वहीवर ‘आळशी’ असा शेरा पडतो. सोल्युबिलिटीची साधी रक्तचाचणी आधी करावी. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने तो नुसता वाहक आहे की रुग्ण हे कळतं. आळशी म्हणायची घाई करू नये. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच सुस्त होतो. ‘सुस्त’ हा फारसी शब्द आहे आणि फारसीत त्याचा अर्थ ढिला, अशक्त असाच आहे. आपण त्याला शिवीचा रंग दिला.

‘रिकामा’ या शब्दावर तर सगळ्यांत जास्त अन्याय होतो. रिकामा म्हणजे ज्यात काही भरलेलं नाही तो. भांडं रिकामं, खोली रिकामी, हात रिकामे. यात दोष कुठेच नाही. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण आळशासाठी वापरतो, पण ती नीट ऐका. तुंबडी म्हणजे पोकळ भोपळ्याचं किंवा शिंगाचं साधन. ती कातडीवर टेकवून आतली हवा ओढून घेतली की कातडी वर ओढली जाते, मग वस्तऱ्याने बारीक फासण्या मारून दूषित म्हणून मानलेलं रक्त काढत. गावातल्या लहानसहान शस्त्रक्रियांचं हे काम न्हाव्याकडे असे. भिंतीवर तुंबडी धरणारच नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. तरी तो लावतो, कारण गिऱ्हाईक आलेलं नाही आणि हाताला स्वस्थ बसवत नाही. आळशी माणूस भिंतीलासुद्धा तुंबडी लावणार नाही. म्हणजे ही म्हण आळसाची नाहीच, हाताला काम नसलेल्या कसबी माणसाच्या घालमेलीची आहे. पारावर बसून मोबाइल चाळणाऱ्या, पोलीस भरतीसाठी पहाटे धावून आलेल्या पोराला हीच म्हण लागू पडते, ‘ऐदी’ नाही.

शेतकऱ्याच्या तोंडी तर रिकामं हा चांगला शब्द आहे. ‘वावर रिकामं झालं’ म्हणजे पीक निघालं. कापसाच्या वावराला हे रिकामपण लागतंच. गुलाबी बोंडअळी पिकाच्या शेवटी सुप्तावस्थेत जाते. उरलेल्या किडक्या बोंडांत, सरकीत, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत (कापसाच्या वाळल्या झाडांत) ती पुढच्या हंगामाची वाट पाहत पडून राहते. फरदड घेतली, म्हणजे पाणी देऊन जुन्याच झाडावर पुन्हा बोंडं धरवली, की तिला मधल्या काळातही खायला मिळतं. म्हणून डिसेंबरअखेर पीक काढायचं, पऱ्हाटी बांधावर रचायची नाही, उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापू द्यायची आणि पुढची लागवड जूनच्या आधी करायची नाही. १ जूनपूर्वी कापसाचं बियाणं विकायला राज्यात काही वर्षं बंदी घातली होती ती याचसाठी. पाच-सहा महिने वावरात कापूस नसला तर अळीची साखळी तुटते. हे वावर वरून पाहणाऱ्याला ओस वाटेल, पण ते मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं. ‘पडीक’ हा शब्द त्याला लावला तर शेतकरी लगेच दुरुस्त करील, कारण पडीक म्हणजे कसणंच सोडलेली जमीन. वावराच्या बाबतीत जो फरक आपण सांभाळतो, तो माणसाच्या बाबतीतही सांभाळायला काय हरकत आहे?

बेकार आणि बेरोजगार या जोडीबद्दल थोडक्यात. बेकार म्हणजे फारसी ‘बे’ आणि ‘कार’, काम नसलेला. मराठीत त्याला ‘कुचकामी’ असा दुसरा अर्थ चिकटला: बेकार रस्ता, बेकार चव. ‘सुशिक्षित बेकार’ हा सरकारी शब्द मागे पडून ‘सुशिक्षित बेरोजगार’ आला, आणि ते योग्यच झालं. रोजगारावरच्या सरकारी पाहणीत बेरोजगार कोणाला धरतात, तेही बातमीदारांनी लक्षात ठेवावं. काम नाही, पण जो काम शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेरोजगार. ज्याला काम नकोच, तो या आकड्यात येत नाही. म्हणून ‘बेरोजगारीचा आकडा वाढला, तरुणाई ऐदी झाली’ असं एकाच वाक्यात लिहिलं, तर त्या वाक्याचा एक अर्धा भाग दुसऱ्याला खोटा पाडतो. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं बंधन आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने रोजगार हमीच्या १९७७च्या कायद्याने देशात आधी मान्य केली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला रांगा लावणारी माणसं ऐदी नव्हती.

हातात काम असून जो करत नाही, त्यासाठी भाषेत धारदार शब्द आहेत आणि ते वापरावेत. कामचुकार म्हणजे कामाच्या वेळी तिथे नसणारा. अंगचोर वेगळा. तो हजर असतो, हातही हलताना दिसतो, पण अंग राखून करतो. निंदणीत हे लगेच ओळखू येतं. विळ्याचं टोक मातीत घालून गवत मुळासकट काढायला कंबर वाकवावी लागते. अंग चोरणारा वरच्यावर कापत जातो. संध्याकाळी दोन्ही ओळी सारख्याच स्वच्छ दिसतात, आठ दिवसांनी पाऊस पडला की एका ओळीत गवत पुन्हा हिरवं उभं राहतं, कारण मूळ जागच्या जागी असतं. हा प्रकार रोजंदारीत होतो. कापसाची वेचणी किलोवर असते, तिथे अंग चोरून स्वतःचंच नुकसान. तिथे दोष निघतो तो वेगळा: वजन भरावं म्हणून ओला कापूस किंवा पाला-पाचोळा ओटीत येतो. उक्तं दिलेल्या कामात घाई होते, आळस होत नाही. मजुरीची पद्धत पाहिल्याशिवाय मजुराला आळशी म्हणणाऱ्याने हे एकदा वावरात उभं राहून पाहावं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं साल ठरतं. बारा महिने पहाटेपासून राबणारा तो माणूस भरदुपारी निंबाखाली टेकला, तर त्याला ‘विसावा’ म्हणतात. विश्राम या शब्दावरून आलेला हा शब्द आपल्या भाषेतला फार मऊ शब्द आहे.

बैलासाठीही असाच खास शब्द आहे, ‘बशा’. औताला जुंपला की मध्येच बसतो तो बशा बैल. माणसाला ‘बशा’ म्हणतात ते यावरूनच. बाजारात बशा बैलाला भाव येत नाही. पण जाणता शेतकरी आधी खांदा चाचपतो. जोडीतला एक बैल बुटका असला की जू त्याच्या अंगाला कलतं आणि भार त्याच्याकडे सरकतो. जू खरबरीत असलं, शिवळा (जुवाच्या खुंट्या) घासत असल्या, पावसात ओलं कातडं रगडलं गेलं, की खांद्यावर सूज येते. तिला ‘खांदा आला’ म्हणतात. त्या सुजेवर पुन्हा जू ठेवलं की ती कडक होते किंवा पिकते, आणि बैल खाली बसतो. त्याला पराणी टोचून उपयोग नाही. सूज उतरेपर्यंत जुंपायचं नाही, जू तासून गुळगुळीत करायचं, जोडी उंचीला जुळवायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, म्हणजे बैलांचे खांदे चोळतात, ती उगीच नाही. खुरात खडा रुतलेला किंवा खूर वाढलेलाही बैल बसतो. जन्मजात बशा बैल असतोही, पण खांदा आणि खूर पाहिल्यावरच त्याला बशा म्हणायचं.

कार्यालयांबद्दल लिहिताना ‘ऐदी कारभार’ असं म्हणून आपण त्यांना सोडूनच देतो. तिथे नेमका शब्द ‘दिरंगाई’. फारसीत ‘दिरंग’ म्हणजे उशीर. ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्या महाराष्ट्राच्या २००५च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध अधिनियमात मुदती घालून दिल्या आहेत. एका कर्मचाऱ्याकडे कागद सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. ऐदीपणा हा स्वभाव झाला, त्याला मुदत नाही. दिरंगाईला मुदत आहे आणि जाबही विचारता येतो. बातमीत ‘ऐदी’ लिहिलं तर वाचक चुकचुकतो आणि पान उलटतो. ‘सात दिवसांची फाइल नव्वद दिवस टेबलावर’ असं लिहिलं तर संबंधिताला उत्तर द्यावं लागतं. पुढे ढकलत राहणं ही चालढकल, मन नसल्याने रेंगाळत करणं ही टंगळमंगळ, आणि बँकेतलं दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं ‘निष्क्रिय’. हा शेवटचा शब्द कोरडा आहे, त्यात बोल लावणं नाही. संस्था, समित्या, यंत्रं यांच्यासाठी तोच बरा.

हक्काने घेतलेली सुटी ‘रजा’, तिचं मूळ अरबी ‘रिझा’, म्हणजे संमती. फुरसतीच्या मुळाशी अरबीतली ‘फुर्सा’, म्हणजे संधी. रजेवरच्या किंवा फुरसतीत बसलेल्या माणसाला ऐदी म्हणणं भाषेलाच मंजूर नाही. उंडारणाऱ्यालाही ऐदी म्हणू नये. तो गावभर फिरतो. ऐदी जागचा हलत नाही.

बोलीबद्दल एक सूचना. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव. त्याच नेमाने आळस म्हणजे आयस आणि आळशी म्हणजे आयशी. ‘तो आयशी शे’ हे वाक्य आपल्या वाचकाला लगेच समजतं. कोकणातला वाचक मात्र बुचकळ्यात पडेल, कारण तिकडे ‘आयशीचा’ म्हणजे आईचा. बोलीतलं बोलणं जसंच्या तसं छापा, त्याची प्रमाणभाषा करू नका, पण राज्यभर जाणाऱ्या आवृत्तीत कंसात ‘आळशी’ द्या. आणि अहिराणीत ‘रिकामा बठेल शे’ असं कोणी म्हणालं, तर त्याचं भाषांतर ‘ऐदी’ करू नका. तो माणूस काम नाही म्हणून बसला आहे, एवढंच बोलणाऱ्याने सांगितलं आहे.

मथळा लिहिताना जागा कमी असते, ऐदी हा दोन अक्षरांचा शब्द, आणि वाचकाच्या मनात लगेच चित्र उभं करतो. म्हणून तो हाताशी येतो, हे आम्हाला समजतं. पण दोन प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. या माणसाच्या हाताला काम आहे का? आणि न करता त्याला खायला कोण घालतं आहे? काम नसेल तर ‘बेरोजगार’ किंवा ‘रिकामा’. काम असून टाळत असेल तर ‘कामचुकार’. करवत नसेल तर आधी डॉक्टर. काम असून, अंगात ताकद असून, दुसऱ्याच्या कष्टावर निवांत बसला असेल, तर जरूर ऐदी लिहा, मग तो पारावर बसलेला असो की खुर्चीवर. अहदींना तरी दर चार महिन्यांनी घोड्यांसह हजेरी द्यावी लागे.

आपले,
मराठी शब्दांचे काही अभ्यासक,
जळगाव–धुळे–नंदुरबार